तपासनीस प्रणाली निवडतात

ज्या माणसाने उभ्या आयुष्यात स्वतःसाठी एक छत्री सोडून दुसरं काही निवडलं नव्हतं, आणि ती छत्रीही बायकोने दुसऱ्या दिवशी दुकानात नेऊन बदलून आणली होती, त्या माणसावर संगणकाची कार्यप्रणाली निवडायची पाळी आली. हा माणूस पाणीपुरवठा कार्यालयात मीटर-तपासनीस होता. अठ्ठावीस वर्षं त्याच खुर्चीवर बसल्यामुळे त्याचं मूळ नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. कार्यालयात, जिन्यात, किराणा दुकानात सगळे त्यांना तपासनीसच म्हणत.

काम तसं साधं. अकरा हजार घरांच्या पाण्याच्या मीटरांचे आकडे यायचे आणि त्यांतला कुठला आकडा खोटं बोलतोय हे तपासनिसांनी हुडकायचं. आकडे कसे बोलतात हे ज्याला कळतं त्याला शेजाऱ्यापाजाऱ्यांची गरज नसते. कुठल्या घरी पाहुणे उतरलेत, कुठे बाळ झालंय, कुठे सासूबाई चार दिवसांसाठी येऊन कायमच्या राहिल्यात, हे तपासनिसांना त्या इमारतीच्या रखवालदाराच्या आधी समजे. एकदा तर संशयित घरांच्या यादीत त्यांचं स्वतःचंच घर आलं. शेरा होता, 'वापर नगण्य. घर बंद असल्याची शक्यता. खात्री करावी.' खात्री करणारे अधिकारी तेच. त्यांनी संध्याकाळी घरी जाऊन स्वयंपाकघरातला नळ सोडून पाहिला, बंद केला आणि रीतसर लिहिलं, 'घर चालू आहे. एक इसम राहतो.' खाली सही केली.

इसम एक राहत होता, कारण दुसरा इसम लेकीकडे गेला होता. लेकीला मूल झालं तेव्हा बायको तीन महिन्यांसाठी म्हणून गेली. त्या तीन महिन्यांना आता अकरावा महिना लागला होता. यात कुणाचं काही चुकत नव्हतं, हीच तर पंचाईत होती. चुकलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

त्यातच कार्यालयाने आपले दोन मजले रिकामे केले, तपासणी विभागाला संगणकासकट घरी पाठवलं आणि मागोमाग परिपत्रक काढलं. जुन्या प्रणालीला यापुढे सुधारणा मिळणार नाहीत. सबब प्रत्येक कर्मचाऱ्याने कार्यालयीन व घरगुती वापरासाठी लिनक्स जातीची, मुक्त स्रोताची एक प्रणाली निवडावी. सोबत 'अ', 'ब' आणि 'क' असे तीन मंजूर प्रकार. तीस तारखेपर्यंत निवड न कळवल्यास कामाचं लॉगिन बंद.

तपासनिसांनी संगणक कक्षाच्या प्रमुखांना फोन लावला.

"ह्या प्रणालीचा मालक कोण, साहेब?"

"मालक नसतो. मुक्त आहे ती."

"मग बनवली कोणी?"

"लोकांनी. ठिकठिकाणी बसून, फावल्या वेळात. आतलं सगळं उघडं असतं, कुणीही बघावं, कुणीही दुरुस्त करावं."

"आणि बिघडली तर तक्रार कोणाकडे करायची?"

"सगळ्यांकडे."

तपासनिसांनी फोन ठेवला. अठ्ठावीस वर्षं तक्रारी घेण्यात गेली होती. सगळ्यांकडे म्हणजे कोणाकडे, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

संध्याकाळी जिन्यात तिसऱ्या मजल्यावरचे प्राध्यापक भेटले. पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले, एकटेच राहणारे, आणि समोरचा काय विचारतो ते पूर्ण ऐकण्याआधी उत्तर द्यायची सवय न गेलेले. 'कसं काय' आणि 'ठीक' यापलीकडे दोघांचं नऊ वर्षांत बोलणं झालं नव्हतं. पण 'लिनक्स' हा शब्द ऐकताच प्राध्यापकांनी हातातली पिशवी पायरीवर ठेवली.

"तपासनीस, 'ब'! दुसरं काही घेऊच नका. 'अ' म्हणजे भरवलेला घास. 'ब' मध्ये प्रत्येक गोष्ट आपण आपल्या हाताने बसवायची. आवाज हवा? आवाज बसवा. छपाई हवी? छपाई बसवा. त्याशिवाय आपल्याला काय हवंय हे माणसाला कळतच नाही. उद्या चारला येतो."

तपासनिसांनी घरी येऊन दुसऱ्या खुर्चीवरचे कपडे उचलले. खुर्चीला पाठ आहे हे त्यांना बऱ्याच महिन्यांनी दिसलं.

प्राध्यापक चारला आले आणि पावणेसातला गेले. मधल्या वेळात त्यांनी जुनी प्रणाली समूळ पुसली, काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत बरंच काही लिहिलं, तीन कप चहा घेतला आणि नवी प्रणाली बसवली. ती झकास चालू झाली. फक्त छपाई होत नव्हती, आवाज एकाच कानात येत होता आणि कॅमेऱ्यात माणूस उलटा दिसत होता, डोकं खाली आणि हनुवटी वर.

"किरकोळ आहे," प्राध्यापक म्हणाले. "उद्या बघू."

'उद्या' हा शब्द तपासनिसांना फार आवडला.

त्या दिवशी लेकीकडून रोजचा फोन आला तेव्हा पडद्यावर बायकोच्या मांडीवर नात होती. एरवी ही पोर आजोबांकडे ढुंकून पाहत नसे. आजोबा म्हणजे एका चौकोनात बसलेला, 'जेवलीस का' एवढंच विचारणारा एक चष्मा. आज तिने पाहिलं आणि ती खदखदून हसली. टाळ्या पिटल्या. पडद्याला नाक लावलं.

"अहो, असे लटकल्यासारखे काय दिसताय?" बायको म्हणाली.

"नवी प्रणाली आहे."

"दुरुस्त करून घ्या. पण थांबा जरा, हिचा घास राहिलाय, तेवढा भरवू दे." तो घास, आणि नंतरचे सात घास, आजोबा उलटे असताना गेले. फोन एरवी चार मिनिटं चाले. त्या दिवशी तेवीस मिनिटं चालला.

घरचा वापर असा उत्तम मार्गी लागला. पण कार्यालयीन वापर नडला. आठवड्याचा तपासणी-अहवाल छापून, सही करून पाठवायचा असे आणि छापणारं यंत्र 'ब' प्रणालीला ओळखच द्यायला तयार नव्हतं. प्राध्यापक दोन दिवस त्याच्याशी झगडले. तिसऱ्या दिवशी खडाजंगी ऐकून दुसऱ्या मजल्यावरच्या टायपिंगबाई खाली उतरल्या. बाई आपल्या घराच्या पुढच्या खोलीत टायपिंगचा क्लास चालवत. बारा जुनी यंत्रं, बाराही 'अ' प्रणालीवर.

"भाऊ, हा यंत्राचा दोष नाही," त्या प्राध्यापकांकडे न बघता म्हणाल्या. "माणसाच्या हट्टाचा आहे. व्हा बाजूला."

"बाई, आपण शिकवता ते बोटांचं काम. हे डोक्याचं आहे."

"म्हणूनच तीन दिवस चाललंय."

बाईंनी चाळीस मिनिटांत 'ब' पुसून 'अ' बसवली. छपाई झाली. आवाज दोन्ही कानांत आला. आजोबा सरळ झाले. प्राध्यापक चहा अर्धा टाकून वर गेले आणि दार जरा जोरात लावलं गेलं.

त्या दिवशी फोनवर नातीने सरळ आजोबांकडे पाहिलं, दोन क्षण वाट बघितली आणि मांडीवरून उतरून निघून गेली. "खेळायला गेली," बायको म्हणाली. चार मिनिटं.

दुसऱ्या दिवशी चार वाजले. यंत्र चालू होतं. छपाई होत होती. तपासनिसांनी आधण ठेवलं, तीन कप काढले, मग दोन परत ठेवले. जिन्यात प्राध्यापकांची चप्पल वाजली आणि वर निघून गेली. बाईंच्या क्लासची टकटक छतातून ऐकू येत होती. सगळं सुरळीत असलं की माणसाकडे कुणी येण्याचं कारण उरत नाही, ही गोष्ट त्यांनी अकरा हजार घरांच्या बाबतीत कितीदा पाहिली होती. ज्याचा मीटर नीट, त्याच्या दारी आमचा माणूस जात नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मागे वाकून नेटवर्कची वायर अर्धं बोट बाहेर ओढली आणि वर जाऊन प्राध्यापकांना सांगितलं, "'अ' बंद पडली."

"पडणारच!" प्राध्यापक इतके खूश झाले की त्यांना दोन्ही पायांत वेगवेगळ्या चपला आल्या आहेत हे कळलंच नाही.

त्यानंतरचे सोळा-सतरा दिवस त्या घराने जी वर्दळ पाहिली तिचा हिशेब ठेवणं अवघड आहे, आणि तो तपासनिसांनी ठेवला होता हीच पुढची भानगड. प्राध्यापकांनी 'ब' बसवली की छपाई बिघडे आणि बाई येत. बाईंनी 'अ' बसवली की कुठलीतरी वायर सैल होई आणि प्राध्यापक येत. लवकरच दोघं एकाच वेळी येऊ लागली, कारण दुसरा आपल्या माघारी काय करील याचा दोघांनाही भरवसा नव्हता. बाई चारचा क्लास एका हुशार मुलीवर सोपवून येत. प्राध्यापक येताना बिस्किटं आणत आणि बाईंना देत नसत. मग बाई आपली आणू लागल्या.

"'क' काय प्रकार आहे हो?" तपासनिसांनी एकदा मध्येच विचारलं.

"'क'चं नाव काढू नका," दोघं एका सुरात म्हणाली, आणि त्यानंतर पाचेक मिनिटं फार ओशाळून बसली.

फोनवर बायको म्हणाली, "आवाज कसले येतायत? कोण आहे घरात?"

"प्राध्यापक आहेत, टायपिंगबाई आहेत."

"आपल्याकडे?" बायकोने विचारलं. "मग मी पुढच्या महिन्यात चार दिवस यायचं म्हणत होते, तुम्ही एकटे म्हणून. नाही आले तर चालेल? हिला दात येतायत."

"छे, छे. इथे काय, माणसंच माणसं आहेत."

हे वाक्य त्यांनी फोन ठेवल्यावर मनात तीनदा तपासलं. आकडा बरोबर होता. तरी काहीतरी गळत होतं.

निवड कळवायचं एक वेगळंच त्रांगडं झालं. ती कार्यालयाच्या संकेतस्थळावर कळवायची होती आणि ते संकेतस्थळ फक्त जुन्या प्रणालीत उघडत असे.

"जुनी कुठंय?" कक्षप्रमुखांनी फोनवर विचारलं.

"पुसली."

"निवड कळवण्याआधीच पुसली? असं कसं? मग जुनी परत टाका, निवड कळवा आणि परत पुसा."

"तिला सुधारणा मिळणार नाहीत म्हणून ती वापरू नये, असं आपलंच परिपत्रक आहे साहेब. कलम चार."

बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज आला. "कागदावर द्या," कक्षप्रमुख शेवटी म्हणाले. "तीन प्रतींत."

आता त्या हिशेबाच्या वहीबद्दल. तपासनिसांनी पहिल्याच दिवशी एक 'बिघाड नोंदवही' घातली होती. अनुक्रमांक, तारीख, बिघाड, कारण, शेरा. पट्टीने आखलेली. बिघाड झाला की नोंद करायची, हे त्यांच्या हाताला सांगावं लागत नसे. आणि नोंद खोटी करायची नाही, हेही. जिभेने ते आता सराईत खोटं बोलत होते; प्राध्यापकांसमोर "अचानकच बंद पडलं हो" म्हणताना त्यांचा चेहरा एखाद्या निष्पाप बालकासारखा होई. पण रकाना समोर आला की गडी हतबल. रकान्यात खरं तेच लिहायचं, एवढ्या एका गोष्टीवर त्यांची अठ्ठावीस वर्षं उभी होती.

सव्वीस तारखेला दोघांचा वाद शिगेला पोचला. तपासनीस आत चहा गाळत होते.

"तुमची 'अ' दर दोन दिवसांनी बंद पडते, बाई! लेखी पुरावा आहे. थांबा, ही वही. वाचूनच दाखवतो."

तपासनिसांच्या हातातली गाळणी तशीच राहिली. धावत बाहेर जाऊन वही हिसकावून घ्यावी, असं कुठल्याही शहाण्या माणसाला वाटलं असतं. पण सरकारी नोंदवही हिसकावतात कशी, हे त्यांना माहीत नव्हतं.

"हे बघा. तारीख नऊ. प्रणाली 'अ'. बिघाड: नेटवर्क बंद. कारण..." प्राध्यापकांचा वर्गातला आवाज होता तो, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "कारण: वायर ओढली. स्वतः. शेरा: प्राध्यापक आले. दोन तास दहा मिनिटे."

बाहेर बिस्किटाच्या पुड्याचा कागद वाजायचा थांबला.

"तारीख अकरा. 'अ'. माऊस चालेना. कारण: स्वतः. शेरा: दोघे आले. एक तास वीस मिनिटे. बाईंनी त्यांच्या आईची गोष्ट सांगितली." आवाज आता मधल्या बाकापर्यंतच जात होता. "तारीख चौदा. आवाज बंद. कारण: स्वतः. शेरा: दोघे... तारीख पंधरा. बिघाड नाही. शेरा: कोणी नाही."

पुढचं त्यांनी मनातल्या मनात वाचलं असावं. पानं उलटल्याचा आवाज तेवढा येत राहिला.

तपासनिसांनी चहा बाहेर आणला. तीन कप. वही टेबलावर होती तिथे, होती तशी बंद करून ठेवलेली. रागावली असती तरी परवडलं असतं. दोघं इतकी सभ्यपणे वागली की तपासनिसांच्या अंगाला घाम फुटला. प्राध्यापकांनी बाईंपुढे बिस्किटं केली. बाईंनी एक घेतलं. चहा गार नसताना दोघांनी तो गार असल्यासारखा पटकन संपवला. जाताना प्राध्यापक म्हणाले, "यंत्र आता बरं चाललंय." बाई म्हणाल्या, "हो. आता काही नाही होणार." आणि आजवर ज्यांनी कप टेबलावरून कधी उचलला नव्हता, त्या बाईंनी आपला कप आत नेऊन विसळून पालथा घातला.

त्या पालथ्या कपाकडे तपासनीस बराच वेळ बघत उभे राहिले.

सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस. तीन दिवस प्रणाली 'अ'ने एकही चूक केली नाही. परक्या लोकांनी ठिकठिकाणी बसून, फावल्या वेळात बनवलेली ती वस्तू इतकी नीट चालली की तिचा राग यावा. कॅमेऱ्याचं तेवढं राहिलं होतं. सरळ आजोबा नातीला नको होते. सत्तावीसला तपासनिसांनी तो पडद्यावर चिमट्याने लावलेला बोटभर कॅमेरा सहज काढून हातात घेतला, उलटा केला आणि रबरबँडने बांधून टाकला; 'अ'मध्येही आजोबा उलटे. झालं. ज्या उलट्या-सुलट्यासाठी प्राध्यापकांनी काळ्या पडद्यावर तासन्तास घालवले होते आणि ज्याच्यावरून 'अ' की 'ब' हा घोळ निम्मा अडला होता, ते काम अर्ध्या मिनिटाचं निघालं. "अहो!" ते एकदम म्हणाले. मग खोलीत पाहिलं आणि पुढचं वाक्य गिळलं. रबरबँडची गोष्ट ऐकून बाईंचा चेहरा कसा झाला असता आणि प्राध्यापकांनी ती कुठल्या तत्त्वाने खोडून काढली असती, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. सांगायला दोघांपैकी कुणी नव्हतं, एवढंच.

तीस तारखेला सकाळी ते कागद भरायला बसले. निवडलेली प्रणाली: अ. कारण: छपाई होते. कार्यालयीन वापर: होय. घरगुती वापर: होय. घरगुती वापर करणाऱ्या व्यक्तींची संख्या: १. ती अक्षरी लिहायची होती. हात अठ्ठावीस वर्षांच्या वळणाने गेला आणि त्याने लिहिलं, 'एक फक्त.'

पहिल्या प्रतीवर लिहिताना काही वाटलं नाही. दुसऱ्या प्रतीवर लेखणी जरा अडखळली. तिसऱ्या प्रतीवर 'एक' लिहून झालं आणि तपासनीस थांबले. लिहिलेलं खोटं नव्हतं. नियमाला धरून होतं. पण असा आकडा दुसऱ्या कुणाच्या घराचा आला असता तर आपण माणूस पाठवला असता, हे त्यांना माहीत होतं. दार वाजवायचं, विचारायचं, सगळं ठीक आहे ना.

त्यांनी कागद तसाच ठेवला, सदऱ्याची बटणं लावली आणि ते जिना चढू लागले.

दुसरा मजला ओलांडेपर्यंत त्यांनी चार वाक्यं तयार केली. कॅमेरा बघता का. तुमचं पेनड्राइव्ह राहिलंय का. 'क' प्रणालीबद्दल विचारायचं होतं. वहीबद्दल माफी मागायची होती. चौथं त्यातल्या त्यात बरं होतं. तिसऱ्या मजल्यावर प्राध्यापकांनी दार उघडलं तेव्हा चारही पळाली.

"काय बिघडलं?" प्राध्यापकांनी सवयीने विचारलं.

"काही नाही."

"नेटवर्क?"

"आहे."

"छपाई?"

"होते."

"मग?"

"बसायला आलोय," ते म्हणाले.

प्राध्यापक त्यांच्याकडे, उत्तर बरोबर आलंय पण कसं आलं ते कळत नाही अशा गणिताकडे बघावं तसे बघत राहिले. मग बाजूला झाले. खोलीत दोन खुर्च्या होत्या. एकीवर बसून बसून खड्डा पडला होता आणि दुसरीवर छताच्या दिशेने निघालेला मासिकांचा ढीग होता. प्राध्यापकांनी तो ढीग दोन्ही हातांनी उचलला. ठेवायला जागा दिसेना. ते तसेच उभे राहिले.

"किती वेळ?" त्यांनी विचारलं. बोलण्यात खोच नव्हती. त्यांना खरंच ठाऊक नसावं, अशा कामाला किती वेळ लागतो ते.

"बघितलं नाही घड्याळ," तपासनीस म्हणाले. "वहीही खालीच आहे."

"हं." ढीग किंचित कलला. "माझ्याकडे कप एकच आहे, तपासनीस. दुसरा कधी लागला नाही."

"मी आणतो."

ते खाली गेले. कप घेतला. दाराशी येऊन परत आत गेले आणि तो पालथा घातलेला कप उचलला. दुसऱ्या मजल्यावर टायपिंगबाईंच्या क्लासची टकटक चालू होती. दोन हातांत दोन कप. बेल दाबायला बोट मोकळं नव्हतं. तपासनिसांनी कोपराने बेल दाबली.

आतली टकटक थांबली.

"कोण आहे?" बाईंचा आवाज आला. "काय काम आहे?"

"काम काही नाही," तपासनीस बंद दाराला म्हणाले, आणि कप हातात धरून उभे राहिले.